शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा अडथळा दिसताच सुसाट सुटतो: कारणे आणि उपाय

शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा) घोडा इव्हेंटिंगसाठी, म्हणजे ड्रेसाज (सपाटीवरच्या ठरलेल्या हालचाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले अडथळे) आणि शो जंपिंग (मैदानातले पडणारे दांडे) अशा तीन परीक्षांच्या स्पर्धेसाठी, तयार करू पाहणाऱ्या स्वारांच्या वाट्याला एक अडचण हमखास येते. सपाटीवर शहाण्यासारखा चालणारा घोडा समोर अडथळा दिसताच मान ताठ करतो, लगामावर सगळा भार टाकतो, शेवटच्या पाच-सहा ढांगा धावत कापतो आणि लांबून, सपाट उडी घेतो. काही आठवडे मेहनत घेतली की तो सुधारतो, आणि मग मैदान बदलले, दोन दिवस विश्रांती मिळाली किंवा शेजारून दुसरा घोडा गेला की सारे पुन्हा पहिल्यासारखे होते. मुंबईचा हिवाळी हंगाम एप्रिलमध्ये आणि पुण्याचा पावसाळी हंगाम ऑक्टोबरमध्ये संपल्यावर तिकडचे काही घोडे नाशिकला येतात. त्र्यंबक रस्त्यापासून देवळालीपर्यंतच्या तबेल्यांत त्यांच्याबद्दल हीच तक्रार ऐकू येते, म्हणून ती नीट उलगडून लिहीत आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट असावी की हा घोडा हट्टी नसतो आणि बिघडलेलाही नसतो. दोन वर्षांचा असल्यापासून त्याला जे शिकवले गेले, तेच तो प्रामाणिकपणे करत असतो. जॉकी रिकिबी आखूड घेऊन खोगिराच्या वर उचललेला असतो आणि दोन्ही हातांत लगाम घट्ट धरून घोड्याच्या तोंडाला आधार देतो. घोडा त्या आधारावर रेलतो आणि पळतो. म्हणजे लगाम ताणला गेला की पुढे सुटायचे, हा त्याचा पक्का समज असतो. आपण अडथळ्यापूर्वी घाबरून लगाम ओढतो तेव्हा त्याच्या दृष्टीने आपण त्याला पळायलाच सांगत असतो. पोटाला दोन्ही बाजूंनी टेकणारे पाय आणि पाठीवर बसलेले पूर्ण वजन यांची सवय त्याला फारशी नसते. शर्यतीच्या तबेल्यात स्वाराला बहुधा चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, त्यामुळे कित्येक घोड्यांना स्वार चढेपर्यंत एका जागी उभे राहणेसुद्धा नव्याने शिकवावे लागते. हे ध्यानात न घेता अधिक कडक बिट (घोड्याच्या तोंडात बसवायची लगामाची कडी) लावणे हा सर्वांत प्रचलित आणि माझ्या मते सर्वांत घातक उपाय आहे, कारण त्याने वेग थोडे दिवस दबतो, पण तोंडातल्या वेदनेची भर पडल्यामुळे अडथळा आणि त्रास यांची सांगड घोड्याच्या डोक्यात पक्की बसते.

घाई नेमकी कुठे सुरू होते

उपाय करण्यापूर्वी निरीक्षण करावे. एखाद्याला मैदानाबाहेर उभे करून मोबाईलवर चित्रण करून घ्यावे आणि नंतर ते संथ गतीने पाहावे, कारण पाठीवर बसलेल्या माणसाला घाई जिथे जाणवते, तिथे ती सुरू झालेली नसते.

घोडा वळणातून अडथळ्याच्या रेषेत येताच उसळत असेल, तर ती उत्तेजना आणि सवय असते. प्रशिक्षणाने ती बरीच कमी होते. शेवटच्या दोन-तीन ढांगांतच एकदम सुटत असेल, तर त्याला उडीची भीती वाटत असावी किंवा काही दुखत असावे, आणि नकोसे काम लवकर उरकण्यासाठी तो धावत असावा. उडीपर्यंत ठीक राहून उतरल्यावर पळत असेल, पाठ कडक करत असेल किंवा मागचे पाय झाडत असेल, तर पाठ, खोगीर आणि मागचे सांधे तपासल्याशिवाय एकही उडी घेऊ नये. फक्त तबेल्याच्या किंवा फाटकाच्या दिशेनेच वेग वाढत असेल तर ती घराची ओढ, आणि फक्त दुसरा घोडा सोबत असतानाच वाढत असेल तर ती शर्यतीची आठवण. या पाचही तक्रारी सांगताना सगळे जण ‘घोडा पळतो’ एवढेच म्हणतात, आणि एका प्रकारचा उपाय दुसऱ्याला लावल्यामुळे महिने वाया जातात.

घोड्याचा पूर्वेतिहास मिळवावा. तो पुढे राहून पळणारा होता की मागून येणारा, स्टार्टिंग गेटमध्ये शिरायला कुरकुर करत होता का, कोणत्या पायाला कधी सूज आली होती, हे त्याच्या जुन्या मोतद्दाराइतके नेमके कोणी सांगत नाही. विक्रीच्या कागदांपेक्षा मी त्या माणसाच्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर अधिक विसंबून राहते.

आधी शरीर, मग शिक्षण

शर्यतीच्या तयारीत असलेल्या बहुतेक घोड्यांना जठरात व्रण असतात. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड स्रवत राहते, आणि त्याला सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच तयार होते. भरपूर धान्य, कमी चारा आणि उपाशीपोटी दौड, असा दिनक्रम असला की धावताना जठरातले आम्ल वरच्या नाजूक भागावर उसळते. अशा घोड्याला वेगात गेल्यावर पोटात जळजळते आणि जळजळ झाली की तो आणखी वेगात जातो. तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळताना कान मागे टाकणे, धान्य अर्धवट सोडणे, दात खाणे, अंगावरचे केस निस्तेज दिसणे, ही लक्षणे पाहावीत.

आमच्या तबेल्यातल्या एका कुमेत घोडीचे उदाहरण देते. तंगाचा पट्टा एकेक भोक वर चढवताना ती वळून स्वतःच्या कुशीकडे पाहायची, मग रिकामे तोंड हलवत गिळायची, आणि पट्टा शेवटच्या भोकात गेला की पुढचा डावा पाय जमिनीवर दोनदा घासायची. हे इतक्या शांतपणे चालायचे की मोतद्दार सोडून कोणाच्या नजरेत भरले नव्हते. ही घोडी अडथळ्याच्या शेवटच्या दोन ढांगांत सुटायची. जठराची दुर्बिणीने तपासणी झाली, औषध सुरू झाले, चाऱ्याचे प्रमाण बदलले, आणि तिचे पाय घासणे थांबले तेव्हाच उड्यांचे शिक्षण पुन्हा सुरू केले.

व्रणांवर ओमेप्राझोल हे औषध वापरतात. सकाळी रिकाम्या पोटी ते देऊन मग थोड्या वेळाने चारा द्यायचा, असा साधारण चार आठवड्यांचा क्रम असतो; मात्र मात्रा आणि मुदत पशुवैद्यानेच ठरवावी, कारण जठराच्या खालच्या भागातले व्रण या औषधाला वेगळा प्रतिसाद देतात. ‘जरा आखडलाय’ म्हणून फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामके परस्पर देत राहू नयेत. त्यांनी व्रण वाढतात आणि खरे दुखणे झाकले जाते.

पाठीचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. थरोब्रेडमध्ये मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना टेकण्याचा विकार बऱ्यापैकी आढळतो आणि तो क्ष-किरणानेच नक्की कळतो. खोगिराचेही तसेच. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत घोड्याचे स्नायू उतरतात आणि मग नव्या कामाने निराळ्या जागी भरतात. खांद्यामागची उंच हाडे आधी आणखी वर आल्यासारखी दिसतात. मार्चमध्ये बसलेले खोगीर जूनमध्ये टोचू शकते. दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासावे, आणि काम संपल्यावर पाठीवरचा घामाचा ठसा पाहावा: सगळीकडे ओले असताना मधेच कोरडा राहिलेला डाग बहुधा तिथे दाब जास्त असल्याचे सांगतो.

खुरांकडे नालबंदाच्या सोयीने पाहू नये. शर्यतीच्या घोड्यांची खुरे पुढून लांब आणि टाचेकडे खाली बसलेली असतात. ती एका नालबंदीत सुधारत नाहीत. दर पाच-सहा आठवड्यांनी थोडे थोडे करत ती वळणावर आणावी लागतात. टाच दुखणारा घोडा उतरताना जमीन टाळतो, आणि त्यासाठी तो लांब, सपाट उडी घेतो.

चारा आणि धान्य

शर्यतीच्या तयारीतल्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो धान्य चालू असते. ते कमी केल्याशिवाय त्याच्याकडून शांतपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, पण ते एका दिवसात तोडूही नये. आठ-दहा दिवसांत उतरवत आणावे आणि त्याच वेळी चारा वाढवावा. सुका चारा घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का असावा, दोन टक्के उत्तम. म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला सुमारे सात ते नऊ किलो. स्वारीच्या अर्धा तास आधी थोडा सुका लसूणघास खायला घातला तर पोटात चाऱ्याचा थर राहतो, आम्ल उसळत नाही, आणि लसूणघासातले कॅल्शियम ते काही अंशी सौम्यही करते.

नाशिकच्या बाबतीत दोन सूचना कराव्याशा वाटतात. कोवळी ज्वारी घोड्याला कधीही घालू नये. जनावरांना किराळ (कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा) लागते हे आपले शेतकरी जाणतातच, पण घोड्यांमध्ये ज्वारीवर्गीय हिरव्या चाऱ्याने मूत्राशय आणि मागच्या पायांवरचा ताबा यांचेही विकार होतात. दुसरे म्हणजे द्राक्षबागेच्या बांधावरचे गवत. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारण्या सतत चालू असतात आणि बांधावरचे लुसलुशीत गवत कापून आणण्याचा मोह तबेल्यातल्या माणसांना होतो. बागाईतदाराला शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची केली हे विचारल्याखेरीज ते गवत आणू नये.

सपाटीवरचे काम

शरीराची खात्री पटल्यावर शिक्षणाकडे वळावे, आणि इथे मी आग्रहाने सांगेन की अडथळ्यापाशी दिसणाऱ्या दोषाचा नव्वद टक्के इलाज अडथळ्यापासून दूर होतो. घोड्याला दोन नवे धडे द्यायचे असतात: लगामाचा हलका दाब आला की हळू व्हायचे, आणि पाय पोटाला टेकले म्हणजे पळायचे नाही. दोन्ही धडे चालीवर, म्हणजे वॉकमध्ये सुरू करावेत. बसणीने आणि श्वासाने थांबण्याची सूचना द्यायची, मग बोटे मिटायची, आणि घोड्याने किंचित जरी ऐकले तरी त्याच क्षणी बोटे सैल सोडायची. ओढून धरलेला हात या घोड्याला रेलायला भिंत पुरवतो; सैल सुटलेला हात ती भिंत काढून घेतो. तोंडाला त्रास न देता तोल सांभाळण्यासाठी घोड्याच्या मानेभोवती एक साधा पट्टा बांधावा आणि गरज पडेल तेव्हा तो धरावा. बिट साधे, मधे छोटा दुवा असलेले स्नॅफल पुरते.

घोडा पायाच्या स्पर्शाने उसळतो म्हणून पाय दूर धरून बसणारे स्वार पुष्कळ दिसतात. मग ऐन अडथळ्यापुढे पाय नकळत टेकतो आणि घोडा दचकतो. पाय पहिल्या दिवसापासून हलकेच टेकलेला असावा, म्हणजे त्या स्पर्शाची बातमी राहत नाही. घोड्याला डाव्या आणि उजव्या दोन्ही वळणांवर सारखेच काम द्यावे, कारण शर्यतीच्या मैदानाने त्याला एकाच बाजूला वेगाने वळण्याची सवय लावलेली असते आणि दुसऱ्या बाजूला तो तोल गमावून पळतो.

लाकडी दांडे आणि छोटी उडी

जमिनीवर दांडे ठेवून सुरुवात करावी. ट्रॉटसाठी, म्हणजे दुडक्या चालीसाठी, दोन दांड्यांत साधारण १.३ ते १.४ मीटर अंतर ठेवावे; लांब ढांगेच्या थरोब्रेडला १.४ मीटर बरे पडते. आधी एकच दांडा ठेवून त्यावरून वॉकमध्ये, मग ट्रॉटमध्ये जावे, आणि ओलांडताना घोड्याने लय बदलली नाही तरच दुसरा दांडा वाढवावा. दांड्यांनी घोड्याला खाली पाहावे लागते, मान सैल होते आणि ढांग आपोआप मोजून पडते. स्वाराला काही ओढावे लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

त्यानंतर फुलीच्या आकाराचा, मधे पन्नास-साठ सेंटिमीटर उंचीचा अडथळा मांडावा. त्याच्या अलीकडे सुमारे अडीच मीटरवर एक दांडा आणि उतरण्याच्या बाजूला पावणेतीन ते तीन मीटरवर दुसरा दांडा ठेवावा. अलीकडचा दांडा उडीची जागा ठरवून देतो आणि पलीकडचा दांडा घोड्याला उतरल्यावर पळू देत नाही. ट्रॉटमध्ये यायचे, उडी घ्यायची, सरळ रेषेत ट्रॉटवर यायचे आणि वॉक. येताना घाई जाणवली तर अडथळ्यापासून दहा-बारा मीटरवर असतानाच मोठे वर्तुळ घ्यावे आणि लय परत आली की पुन्हा रेषेत यावे. मात्र शेवटच्या तीन ढांगांत घोड्याला कधीही वळवू नये. तिथून वळवल्यास घोडा अडथळा टाळायला शिकतो, आणि क्रॉस-कंट्रीत ती सवय धोक्याची ठरते.

एका सत्रात थोड्याच उड्या घ्याव्यात, आणि चांगली उडी झाली की तिथेच खाली उतरावे. ‘आता जमतंय तर अजून चार घेऊ’ हा विचार या घोड्यांच्या बाबतीत फार महागात पडतो, कारण थकल्यावर ते मंद न होता अधिक पळतात. स्वाराचे खांदे दोन ढांगा आधीच पुढे पडत असतील तर तेही चित्रणात दिसेल. घोड्याच्या दृष्टीने ती जॉकीची बसणी असते.

मोकळ्या मैदानात समस्या का परतते

वाळूच्या मैदानात शांत झालेला घोडा मोकळ्या रानात पुन्हा सुटतो, तेव्हा स्वार खचून जातात. पण मोकळी जमीन, वारा आणि पुढे लांबवर दिसणारी सरळ रेषा म्हणजे त्या घोड्याच्या लेखी शर्यतीचे मैदान असते. इथे आकडे मनात ठेवले तर मदत होते. शर्यतीत घोडा मिनिटाला सुमारे हजार मीटर पळतो. इव्हेंटिंगच्या सर्वोच्च, पाच तारे श्रेणीच्या क्रॉस-कंट्रीतही अपेक्षित वेग मिनिटाला ५७० मीटर आहे आणि सुरुवातीच्या स्थानिक स्पर्धांत तो त्याहून पुष्कळ कमी असतो. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४ गुण दंड बसतो, पण वेळेआधी पोहोचल्याचे एकही बक्षीस नाही, उलट फार लवकर आल्यास काही पातळ्यांवर दंडच होतो. म्हणून मोकळ्या जागेत ४०० मीटर मोजून दोन खुणा कराव्यात आणि घोड्याला ते अंतर बरोबर एका मिनिटात कँटरने, म्हणजे संथ दौडीने, पार करायला शिकवावे. घड्याळाकडे पाहून काम केले की स्वारालाही खरा वेग कळतो; तो आपल्या समजुतीपेक्षा बराच जास्त निघतो.

सुरुवात मुरमाड चढावरून करावी. अंजनेरीच्या बाजूला किंवा गंगापूरच्या वरच्या अंगाला असे हलके चढ मिळतात. चढावर घोड्याला मागच्या पायांवर वजन घ्यावे लागते आणि लगामावर रेलण्याचा त्याचा डाव आपसूक सुटतो. काळ्या मातीच्या रानात मात्र हंगाम पाहूनच जावे. पावसाळ्यात ती माती नाल उपसून काढते, आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत खूर अडकून स्नायुबंध दुखावतो. पहाटेची वेळ आणि पाऊस पडून दोन दिवस गेलेला मुरूम, याहून चांगली जमीन आपल्याकडे मिळणे कठीण.

सोबतीला एक वयस्क, थंड स्वभावाचा घोडा घ्यावा. दोघांनी आळीपाळीने पुढे-मागे चालावे, मग ट्रॉट करावा, आणि आपला घोडा मागे राहूनही लय सोडत नाही अशी खात्री झाल्यावरच कँटर करावा. दोन घोडे एकमेकांच्या बरोबरीने कँटर करू नयेत. शेजारी डोके दिसले की जुनी शर्यत सुरू होते. दौडीचा सराव आणि उड्यांचा सराव एकाच दिवशी ठेवू नये. परतताना शेवटचा टप्पा नेहमी वॉकमध्ये यावे, आणि अधूनमधून फाटकापर्यंत येऊन पुन्हा बाहेर जावे, म्हणजे घराच्या ओढीचा जोर कमी होतो.

एवढे कष्ट कशासाठी, असे विचारणारे भेटतात. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बेकी होल्डर यांनी ज्याच्यावरून इव्हेंटिंग केले, तो करेजस कॉमेट शर्यतीतून आलेला घोडा होता, आणि ब्रिटनमध्ये शर्यतीच्या क्षेत्रानेच निवृत्त घोड्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी २००० मध्ये स्वतंत्र संस्था उभी केली. मात्र २००४ पासून ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचा, म्हणजे कुंपणांवरून वेगाने धावण्याचा, लांब टप्पा राहिला नाही आणि ड्रेसाजचे वजन वाढले, त्यामुळे आता नुसत्या पळण्याच्या ताकदीवर भागत नाही. घाई करणारा घोडा ड्रेसाजमध्ये गुण गमावतो आणि शो जंपिंगमध्ये दांडे पाडतो, प्रत्येकी चार गुणांचा दंड देऊन.

स्पर्धेच्या दिवशी

सर्वांत मोठी उलटी पावले स्पर्धेच्या ठिकाणी पडतात. ध्वनिक्षेपक, अनोळखी घोडे आणि सरावाच्या मैदानातली गर्दी पाहून घोडा पुन्हा पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवण्याच्या आवारात) उभा असल्यासारखा वागतो. पहिल्या एक-दोन स्पर्धांना केवळ फिरवण्यासाठी न्यावे, नाव नोंदवू नये. नंतर नोंदवायचे तर आधी फक्त ड्रेसाज. सरावाच्या मैदानात गर्दीच्या कडेला, आपल्या सवयीच्या वर्तुळावर, वॉक आणि ट्रॉट यांतच जास्त वेळ घालवावा. दोन-तीन लहान उड्या पुरेत. गाडीत असेपर्यंत आणि उतरल्यावरही जाळीत चारा टांगलेला असावा, कारण मुंबई किंवा पुण्यापर्यंतचा प्रवास रिकाम्या पोटी झाला तर व्रणांची तक्रार उलटते.

इतके करूनही घाई परतली तर नवा उपाय शोधण्याआधी जुन्याच क्रमाने मागे जावे: खोगीर शेवटचे कधी तपासले, नाल कधी बदलले, धान्यात कोणी मूठभर वाढ केली का, दोन दिवस घोडा तबेल्यात बांधून राहिला का. या सगळ्याच्या तारखा एका वहीत लिहिलेल्या असल्या तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. आणि शरीर निरोगी आहे, काम सहा-आठ महिने सातत्याने झाले आहे, तरीही शेवटच्या दोन ढांगांतली भीती तशीच आहे, असे पशुवैद्य आणि प्रशिक्षक दोघांचेही मत पडले, तर त्या घोड्याला उड्यांपासून मोकळे करावे. ड्रेसाज, लांब पल्ल्याची सावकाश स्वारी किंवा नवशिक्या पण हलक्या हाताच्या स्वाराला सपाटीवर शिकवण्याचे काम, यांत असे कित्येक घोडे उत्तम रमतात, आणि हा निर्णय घोड्याचे वय सहा-सात असतानाच घेतला तर नवे काम शिकायला त्याच्यापाशी पुष्कळ वर्षे उरतात.